'डाउन बाय द जेटी' : एक रसग्रहण

पाश्चात्त्य संगीताचा विषय निघाला की आपल्या महाविद्यालयात दोन तट पडतात. एक तट ते डोक्यावर घेतो, तर दुसरा 'परक्यांची नक्कल' म्हणून नाक मुरडतो. या दोघांच्याही वादात मूळ प्रश्न बाजूला राहतो. दुसऱ्याकडून घेतलेली कला आपली केव्हा होते, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रस्तुत लेखात आपल्याकडे फारशा परिचित नसलेल्या एका इंग्रज बँडच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा विचार करावयाचा आहे. बँडचे नाव 'डॉक्टर फीलगुड' आणि ध्वनिमुद्रिकेचे 'डाउन बाय द जेटी', म्हणजे 'धक्क्यापाशी'. ती जानेवारी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली.

ब्लूज म्हणजे काय?

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे गाणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते आकाराला आले. मिसिसिपीचा कापूस पिकवणारा प्रदेश, ज्याला 'डेल्टा' म्हणतात, हे त्याचे एक प्रमुख माहेर. याचा साचा अगदी साधा आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड मिळून एक आवर्तन होते. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिले चार खंड षड्जाच्या आधाराने जातात, पुढचे दोन मध्यमाच्या, मग दोन पुन्हा षड्जाच्या. शेवटच्या चारांत पंचम आणि मध्यम घेऊन गाणे षड्जावर परतते. शब्दांतही बहुधा पहिली ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. साथीत शुद्ध गंधार असतानाही गायक कोमल गंधाराकडे झुकतो. कोमल निषादही असाच येतो. या ओढाताणीतच ब्लूजची व्यथा आहे. हाच साचा विजेच्या गिटारीवर आणि ड्रमच्या जोरकस ठेक्यावर चढवला की ब्लूज-रॉक तयार होते.

कॅन्व्ही बेट आणि चार तरुण

लंडनच्या पूर्वेस, टेम्स नदीच्या मुखाशी कॅन्व्ही नावाचे बेट आहे. बेटाची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्याने भोवती बांध घातलेला आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री समुद्राने हा बांध फोडला आणि बेटावरील ५८ माणसे दगावली. त्या वेळी पाच वर्षांचा असलेला विल्को जॉन्सन पुढे या बँडचा गिटारवादक आणि गीतकार झाला. नदीकाठी तेलाच्या टाक्या, धक्के आणि पलीकडे शुद्धीकरण कारखान्याच्या ज्वाळा, असे त्या काळी हे दृश्य होते. हजिऱ्याचे कारखाने पाहिलेल्या आणि ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी ज्यांच्या घरांत शिरले अशा सुरतकरांना ते परके वाटू नये.

जॉन्सन इंग्रजी साहित्याचा पदवीधर. पदवीनंतर खुष्कीच्या मार्गाने तो भारतातही येऊन गेला होता. गायक आणि हार्मोनिकावादक ली ब्रिलो, बेस गिटारवर जॉन स्पार्क्स आणि ड्रमवर 'बिग फिगर' या टोपणनावाचा जॉन मार्टिन, असे हे चौघे. आपल्या चिखलाच्या मुलखाला त्यांनी थट्टेने 'टेम्स डेल्टा' म्हटले. या थट्टेत त्यांच्या कलेचे मर्म आहे. मिसिसिपीची गाणी त्यांनी घेतली, पण आपण मिसिसिपीचे आहोत असे सोंग घेतले नाही.

ध्वनिमुद्रिकेचे स्वरूप

तो काळ लक्षात घेतला पाहिजे. 'येस' या नामांकित बँडने १९७३ मध्ये दोन तबकड्यांचा संच काढला होता आणि त्यात गाणी होती अवघी चार, एका बाजूला एक. अशा काळात या चौघांनी एकाच तबकडीवर तेरा आटोपशीर गाणी दिली. निर्माते होते व्हिक मेल. स्टीरिओ सर्वत्र रूढ झालेला असताना ही तबकडी मोनोमध्ये निघाली. मुखपृष्ठावरचे छायाचित्रही काळे-पांढरे. साज कमी, भर सगळा वादनावर.

पहिल्याच 'शी डझ इट राइट' या गाण्यात जॉन्सनच्या गिटारीची ओळख पटते. तो नखीचा तुकडा न वापरता उघड्या बोटांनी तारांवर आघात करतो. त्यामुळे ठेका आणि सुरावट ही दोन वादकांची कामे एकच हात करतो. स्वर लांबवत ठेवायचा नाही, तो तोडायचा आणि पुढचा घ्यायचा, अशी ही पद्धत. आमच्या उधना भागात यंत्रमागाची खटखट ज्याने ऐकली आहे त्याला हा ठेका चटकन कळेल. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो, पण लय सुटत नाही. 'रॉक्सेट' या गाण्यात प्रेयसीवर संशय घेणारा प्रियकर आहे. ब्रिलोचा खरखरीत आवाज आणि हार्मोनिका मिळून तो संशय उभा करतात. पुढे स्वीडनमधील एका प्रसिद्ध जोडीने आपले नाव याच गाण्यावरून घेतले.

माझ्या मते 'ऑल थ्रू द सिटी' हे यातील सर्वांत महत्त्वाचे गाणे. ध्वनिमुद्रिकेचे नाव त्यातूनच आले आहे. पहाटे जळणारे कारखान्याचे मनोरे त्यात दिसतात. अमेरिकन साच्यात कॅन्व्ही बेट येऊन बसते ते इथे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बऱ्याच गाण्यांचा विषय स्त्रीचा रुसवा किंवा बेइमानी एवढाच आहे आणि स्त्रीची बाजू कुठेच ऐकू येत नाही. सलग ऐकताना काही गाणी एकमेकांसारखी वाटतात. परंतु वादनातील जोम शेवटपर्यंत ओसरत नाही.

उसनवारी आणि नक्कल

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक भेद सुचतो. कर्ज काढून खाणारा बुडतो. तेच कर्ज धंद्यात घालणारा मूळ रक्कम फेडून नफाही कमावतो. नक्कल हे पहिल्या प्रकारचे कर्ज, तर कला हे दुसऱ्या. जॉन ली हूकरचे 'बूम बूम' या चौघांनी त्याच्या नावानिशी घेतले, पण भांडवल गुंतवले ते आपल्या बेटात. आपल्याकडेही हे घडले आहे. जॉन गे यांच्या १७२८ च्या संगीतिकेवरून ब्रेख्त यांनी १९२८ मध्ये नाटक केले आणि त्यावरून पु. ल. देशपांडे यांनी १९७८ मध्ये 'तीन पैशाचा तमाशा' लिहिला. त्यात नंदू भेंडे मराठी शब्द रॉकच्या ढंगात गायले. ते मराठी नव्हते, असे कोण म्हणेल?

'डाउन बाय द जेटी' प्रथम फारशी खपली नाही. परंतु याच बँडची 'स्टुपिडिटी' ही ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली, आणि त्यानंतरच्या पंक चळवळीतील अनेकांनी यांचे ऋण मान्य केले. जॉन्सन १९७७ मध्ये बाहेर पडला. ब्रिलो १९९४ मध्ये आणि जॉन्सन २०२२ मध्ये निवर्तला.

आपल्यापैकी पुष्कळजण घरी एक भाषा, रस्त्यावर दुसरी आणि वर्गात तिसरी बोलतात. आपले काहीच अस्सल नाही, असे आपल्याला अधूनमधून ऐकवले जाते. त्यावर या तेरा गाण्यांनी दिलेले उत्तर मला पटते : साचा कुठूनही आणावा, ज्याचा आणला त्याचे नाव सांगावे, आणि त्यात ओतावा तो मात्र आपल्या गावचा धातू. ही गाणी एकदा पूर्ण ऐकावीत. पहिल्या खेपेस केवळ गिटारीच्या ठेक्याकडे लक्ष द्यावे, म्हणजे बाकीचे आपोआप उलगडेल.