सिग्नलला तापते, हायवेवर निवते

प्रश्न : माझी २००५ ची मारुती ८०० आहे. कामोठ्याहून बेलापूरपर्यंत मोकळ्या रस्त्याने गेलं तर टेम्परेचरचा काटा मधोमध असतो. कळंबोली सर्कलला अडकलं की चढायला लागतो. धावताना इंजिन जास्त राबतं ना? मग तापते उभी असताना का? मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू. टाकावा का?
— एक वाचक, कामोठे (पनवेल)

उत्तर : शेवटचं आधी. थर्मोस्टॅट काढू नका.

धावताना इंजिन जास्त उष्णता तयार करतं, हे तुमचं बरोबर. पण त्या वेळी समोरचा वारा रेडिएटरमधून फुकट जातो. गाडी उभी राहिली की तो बंद होतो आणि सगळी भिस्त विजेवरच्या फॅनवर येते. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता, तर सायन-पनवेल हायवेवरही काटा वर गेला असता. तो जात नाही, म्हणजे पाणी फिरतंय, हवा कमी पडतेय. थर्मोस्टॅट काढला तर इंजिन गरमच व्हायला वेळ घेईल, पेट्रोल जास्त जाईल आणि मूळ दुखणं तसंच राहील.

तेव्हा पहिला संशय फॅनवर. गाडी मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा (बंद पार्किंगमध्ये नको, धूर घातक). बॉनेट उघडा, पण हात, ओढणी, मफलर सगळं लांब. काटा मध्याच्या थोडा वर गेला की फॅन आपोआप सुरू व्हायला हवा आणि थोड्या वेळाने बंदही. झालाच नाही तर फ्यूज, मग रिले, मग सेन्सरचं कनेक्शन तपासून घ्या. मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन पाहणं मेकॅनिकसाठी दोन मिनिटांचं काम आहे. थेट दिल्यावर फिरली तर मोटर चांगली, दोष अलीकडे.

फॅन फिरतो म्हणून तो निर्दोष असंही नाही. जुन्या मोटरचे कार्बन झिजतात, पाती रेंगाळतात. फॅन चालू असताना वर्तमानपत्राचा एक कागद पुढच्या जाळीसमोर धरा. तो जाळीकडे ओढला जाऊन चिकटायला हवा. नुसता फडफडला तर मोटर थकली आहे किंवा वाट बुजली आहे.

वाट बुजणं आपल्याकडे नवल नाही. कळंबोलीच्या ट्रेलर-ट्रकांची धूळ एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बसते, पावसात तिचा चिखल होतो आणि नंतर वाळून घट्ट थर बनतो. समोरून पाहिलं तर गाडी स्वच्छ दिसते. इंजिन थंड असताना, इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळीने धुवा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरगनने बारीक पत्र्या वाकतात.

स्वस्तातली एक वस्तू सगळे विसरतात : रेडिएटरचं झाकण. कुकरसारखंच ते आत दाब धरून ठेवतं. बहुतेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. ०.९ च्या दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब निसटतो आणि ते १०० लाच उकळतं, लोणावळ्याला तर ९८ च्या आसपास. रबर चिरलेलं दिसलं तर झाकण बदला, त्याच आकड्याचं.

पाण्याचंही पाहा. बोअरचं किंवा नळाचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं असेल तर आतल्या नळ्यांत क्षार बसलेले असणार. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. दर आठवड्याला पाणी घालावं लागत असेल, तर ते कुठेतरी जातंय. होज, वॉटर पंप तपासा. टाकीत सतत बुडबुडे किंवा ऑइलला दुधट रंग दिसला तर हेड गॅस्केट गेलं आहे, आणि मग गाडी चालवत नेऊ नका. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं असलं, तरी ही दुरुस्ती कुठल्याही बऱ्या गॅरेजला जमते.

फॅन दुरुस्त होईपर्यंत सिग्नलला काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण सोडा. घाम येईल, पण इंजिनची उष्णता केबिनमधून बाहेर निघेल. लाल रेषेला टेकला की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नका.