फोन उचलायचा म्हणजे नक्की काय करायचं?

त्या संध्याकाळी सातपासून दहापर्यंत मी अण्णांना चौदा फोन केले. दर वेळी पूर्ण रिंग वाजून बंद. शेजारच्या काकू नेमक्या लग्नाला कराडला गेलेल्या. शेवटी स्वारगेटला मिळेल ती एसटी धरली आणि मध्यरात्रीनंतर वाईला घराचं दार वाजवलं. दार अण्णांनीच उघडलं, अगदी धडधाकट. "अगं, वाजतोय तो. मध्येच एक बाई बोलतेय. पण उचलला काही जाईना," म्हणाले.

ती बाई मीच त्यांच्या गळ्यात बांधली होती. अण्णा शहात्तर वर्षांचे. मॅक्युलर डिजनरेशनमुळे त्यांची मधली नजर गेली आहे. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच नाहीसं होतं. दिवाळीत त्यांचा जुना बटणांचा फोन बाजूला ठेवून मी हौसेने स्मार्टफोन दिला. हिरवं वर्तुळ वर सरकवायचं, हे चार वेळा शिकवलं. निघता निघता, दिसत नाही तर ऐकू तरी येईल म्हणून पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू केलं आणि पुण्याची गाडी पकडली.

घोळ तिथेच झाला. टॉकबॅक चालू झालं की फोनची सगळी रीत बदलते. एका बोटाने सरकवलं तर कॉल घेतला जात नाही, फोन फक्त पुढच्या बटणाचं नाव वाचतो. एकदा टेकवलं तर नाव सांगतो, दोनदा टेकवलं तर काम करतो. म्हणजे चार वेळा शिकवलेलं मी एका सेटिंगने पुसून टाकलं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी समोर बसून मी फोन लावला आणि नुसतं बघत राहिले. अण्णांनी फोन उचलला, कानाला लावला आणि "हॅलो" म्हणाले. रिंग वाजतच होती. त्यांच्या हातांना उचलणं म्हणजे रिसीव्हर उचलणं. मग फोन घट्ट धरताना कडेचं आवाजाचं बटण दाबलं गेलं आणि रिंग गप्प झाली. कॉल तुटला असं समजून त्यांनी फोन खाली ठेवला. आदल्या रात्री हेच चौदा वेळा झालं असणार.

ऑफिसातल्या एका दृष्टिहीन सहकाऱ्याला हे सांगितलं, तर तो आधी पोट धरून हसला. टॉकबॅक चालू असताना दोन बोटं एकदम, पडद्यावर कुठेही, दोनदा टेकवली की कॉल घेतला जातो. तसंच पुन्हा केलं की बंद होतो. आयफोनच्या व्हॉइसओव्हरमध्येही हीच खूण चालते. पडद्यावर काही शोधायचंच नाही. हे दोन्ही वाचक 2009 पासून फोनमध्ये आहेत, आणि मी घाईत दहा मिनिटं वाचून शिकवायला निघाले होते. त्याने मला डोळे मिटून त्याच्याच फोनवर पाच कॉल घ्यायला लावले. पहिले तीन मी घालवले.

अण्णांचं मात्र त्या बाईशी जमलं नाही, आणि मीही हट्ट धरला नाही. ज्यांना मेसेज, बँक, बातम्या असं सगळं फोनवर करायचं आहे, त्यांनी टॉकबॅक नीट वेळ देऊन शिकावं. ज्यांना फक्त कॉल घ्यायचेत आणि थोडी नजर शिल्लक आहे, त्यांना आधी बोटाला लागेल असं काहीतरी द्या. सॅमसंगच्या फोन ॲपच्या सेटिंगमध्ये 'आन्सरिंग अँड एंडिंग कॉल्स' म्हणून भाग आहे. तिथे आवाज वाढवायच्या बटणाने कॉल घेता येतो. अण्णांना आम्ही तसाच फोन घेतला आणि त्या बटणावर काकूंची खड्याची टिकली चिकटवली. कडेवरून अंगठा फिरवायचा, खडा लागला की दाबायचं. ही सोय नसलेल्या फोनला वायरचा, बटणवाला इअरफोन लावून ठेवा. रिंग वाजली की वायरवरचं बटण दाबायचं.

कोणाचा फोन आहे ते नावानिशी बोलून दाखवायची सोयही चालू करा. पण आधी नावं तपासा. अण्णांच्या यादीत मी 'Atya' असं इंग्रजीत लिहिलं होतं, ते 'अट्या' असं ऐकू यायचं. नावं देवनागरीत लिहा आणि आवाजही मराठी निवडा. त्यातून आमचा एक नियम आपसूक झाला: नाव ऐकू आलं तर घ्यायचा, नुसते आकडे ऐकू आले तर वाजू द्यायचा. ओटीपी मागणाऱ्यांचा बंदोबस्त बऱ्यापैकी झाला. दवाखान्याचा नंबर मात्र आठवणीने नावासकट साठवला.

कॉल आपोआप घेणारं सेटिंग आम्ही आठवडाभर वापरून पाहिलं. मामेबहिणीचा फोन आपोआप लागला तेव्हा अण्णा आंघोळीला गेलेले, आणि घरात काकू तिच्याच लग्नातल्या मठ्ठ्याबद्दल बोलत होत्या. तिने सगळं ऐकलं. हाताची हालचालच होत नसेल तर ते सेटिंग ठेवा, एरवी नको.

शिकवताना 'हिरवं', 'उजवीकडे वर' हे शब्द तोंडातून काढून टाका आणि शेजारच्या खोलीतून खरे कॉल लावा. फोन कुलूपबंद असताना, उघडा असताना, चार्जिंगला असताना, व्हॉट्सॲपवरून, असे सगळे. कुलूपबंद फोनवर कॉल अख्ख्या पडद्यावर येतो, उघड्या फोनवर बहुतेक वेळा वरती बोटभर पट्टी येते. माणूस तोच, फोन तोच, पण काम वेगळं.

परवा पुन्हा अण्णांना फोन लागेना. पण दर वेळी पाच मिनिटांनी त्यांचाच उलटा फोन यायचा, तक्रारीच्या सुरात: "तू मध्येच का तोडतेस?" काकूंना बघायला सांगितलं. जुनी टिकली पडली होती, त्यांनीच नवी लावली होती, ती खालच्या बटणावर. आता वरच्या बटणावर नेलपेंटचे चार थर आहेत.