चोर हिशेब करतो का?

प्रश्न : गुन्हेगार नफा-तोटा तोलून गुन्हा करतो, असं वाचलं. मग शिक्षा वाढवली की चोऱ्या थांबतील का?

उत्तर : हा विचार अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ साली मांडला. मिळकत एका पारड्यात; पकडले जाण्याची शक्यता आणि शिक्षा दुसऱ्यात. पण चोर काही दंडसंहिता वाचून घराबाहेर पडत नाही. त्याचा हिशेब तेवढ्यापुरता, घाईतला असतो : कुलूप कसलंय, कोणी बघतंय का, निसटता येईल का?

पश्चिम जर्मनीचं उदाहरण घ्या. १९८० मध्ये तिथे विनाहेल्मेट मोटारसायकल चालवणाऱ्याला जागेवरच दंड सुरू झाला. उद्देश अपघातातली डोकी वाचवण्याचा. पण मोटारसायकलींच्या चोऱ्या वर्षाला सुमारे दीड लाखांवरून १९८६ पर्यंत ५४ हजारांच्या आसपास आल्या! दिसली गाडी की पळवली, असं करणाऱ्याकडे हेल्मेट कुठून असणार? पहिल्याच चौकात पोलीस अडवणार. चोरीची शिक्षा मात्र होती तेवढीच होती.

म्हणून नुसती शिक्षेची वर्षं वाढवून फारसं साधत नाही. पकडले जाण्याची धास्ती जास्त काम करते. रागाच्या भरात किंवा नशेत झालेल्या मारहाणीला मात्र हे गणित जेमतेमच लागू पडतं.