जरीच्या धाग्यापासून अणूपर्यंत : अब्जांश तंत्रज्ञानाची तोंडओळख

येवल्याच्या पैठणीचा पदर झळकतो तो जरीमुळे, आणि या जरीचे एक मोठे उत्पादन-केंद्र म्हणजे सुरत. चांदीची तार बारीक छिद्रांतून ओढून काढावयाची, चपटी करून रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा चढवावयाचा, ही खऱ्या जरीची रीत होय. अल्प सोन्यात अधिकाधिक पृष्ठभाग झाकणे हे या कलेचे मर्म आहे. एक ग्रॅम सोन्याचा १०० नॅनोमीटर जाडीचा सलग थर दिल्यास सुमारे अर्धा चौरस मीटर क्षेत्र झाकले जाते. याच मापाच्या जगात अब्जांश तंत्रज्ञानाचा, म्हणजेच नॅनोतंत्रज्ञानाचा प्रारंभ होतो.

माप आणि गुणधर्म

‘नॅनोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ बुटका असा आहे. मीटरचा एक अब्जांश भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मानवी केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर भरते. उलट सोन्याचे तीन-चार अणू एका ओळीत ठेवले की एक नॅनोमीटर होतो. साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर या मर्यादेतील पदार्थांची रचना हेतुपूर्वक घडविणे व तिचा उपयोग करणे यास अब्जांश तंत्रज्ञान म्हणतात.

केवळ आकार लहान झाला, एवढ्याने वेगळे शास्त्र निर्माण होत नाही. येथे आकाराबरोबर गुणधर्मही पालटतात. पिवळे सोने सुमारे २० नॅनोमीटरच्या कणांच्या रूपात पाण्यात विखुरले असता माणकासारखे लाल दिसते. रासायनिक क्रियांबाबत उदासीन मानलेले हेच सोने अतिसूक्ष्म कणरूपात उत्प्रेरकाचे कार्य करते. याचे एक कारण पृष्ठभागात आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे एक नॅनोमीटर बाजूचे घन पाडले, तर त्यांचे एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होईल!

इतिहासाचे टप्पे

लाल सोन्याचा शास्त्रीय अभ्यास मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये लंडन येथे मांडला. २९ डिसेंबर १९५९ रोजी रिचर्ड फाइनमन यांनी कॅलिफोर्नियातील व्याख्यानात, अणू एकेक करून हव्या त्या जागी ठेवण्यास निसर्गनियमांची आडकाठी नाही, असा विचार मांडला. ‘नॅनोतंत्रज्ञान’ हा शब्द १९७४ मध्ये जपानचे नोरिओ तानिगुची यांनी योजिला. तथापि अणू ‘पाहण्याचे’ साधन हाती आल्यावाचून प्रगती शक्य नव्हती. १९८१ मध्ये गेर्ड बिनिग व हाइनरिश रोरर यांनी झुरिक येथे असे सूक्ष्मदर्शक सिद्ध केले. १९८६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९८९ मध्ये अशाच साधनाने झेनॉनचे ३५ अणू सरकवून अक्षरे लिहिण्यात आली. भारतात केंद्र शासनाने २००१ मध्ये या विषयासाठी विशेष उपक्रम हाती घेतला व २००७ मध्ये पाच वर्षांकरिता १,००० कोटी रुपयांचे ‘नॅनो मिशन’ मंजूर केले.

दोन मार्ग

सूक्ष्म रचना दोन मार्गांनी घडविता येते. एक, मोठा पदार्थ कोरून लहान करणे. दुसरा, अणू-रेणू जुळवून वर बांधत जाणे. या दोहोंचे दृष्टांत सुरतेतच आढळतात. खाणीतील हिरा कापून त्यास पैलू पाडणे हा पहिल्या मार्गाचा दृष्टांत. मिथेन व हायड्रोजन वायूंच्या मिश्रणातून कार्बनचे अणू हिऱ्याच्या पातळ चकतीवर थराथराने बसवून नवा हिरा वाढविणे हा दुसऱ्याचा. असा हिरा डोळ्यांस दिसण्याइतका मोठा असल्याने तो अब्जांश पदार्थ नव्हे. परंतु त्याच्या घडणीचे तत्त्व तेच. जरीची गंमत तर आणखी वेगळी. स्वस्त प्लास्टिक जरीत पॉलिएस्टरच्या पापुद्र्यावर निर्वात पात्रात अॅल्युमिनियमची वाफ बसवितात. हा थर सामान्यतः १०० नॅनोमीटरहून पातळ असतो. म्हणजे ज्या जरीला आपण नकली म्हणतो, तिच्यातच अब्जांश मापाचा थर असतो.

सावधगिरीची गरज

चांदीच्या सूक्ष्म कणांचा लेप दिल्यास कापडावर जंतूंची वाढ रोखली जाते. परंतु हे कण कापडावरच राहतात काय? २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा काही मोज्यांतील चांदी धुण्याच्या पाण्यात उतरल्याचे आढळले. सांडपाण्यातून ती नदीपर्यंत पोहोचू शकते. कोरडी भुकटी हाताळताना अतिसूक्ष्म कण श्वासावाटे फुफ्फुसांत खोलवर जाण्याचा संभव असतो. ज्या वाढीव पृष्ठभागामुळे हे कण उपयुक्त ठरतात, त्याचमुळे ते शरीरातही अधिक क्रियाशील ठरू शकतात.

सुरतेच्या उधना, लिंबायत आदी भागांत खानदेशातून गेलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील कित्येकांचे पोट कापडधंद्यावर चालते. नवे तंत्र कारखान्यात येईल तेव्हा त्याची भुकटी प्रथम कामगाराच्याच हाती पडेल. म्हणून बंदिस्त यंत्रे, योग्य मुखपट्टी, हवेची तपासणी व सांडपाण्याची प्रक्रिया यांचा खर्च उत्पादनाच्या मूळ हिशेबातच धरला पाहिजे. डोळ्यांस न दिसणाऱ्या वस्तूपासून हात राखण्याची अपेक्षा कामगाराकडून करावयाची असेल, तर ती वस्तू काय आहे हे त्यास आधी त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.