ओसरीवरील अडेनियम आणि त्याची छाटणी

द्राक्षबागेची छाटणी चुकली म्हणजे वर्षाचे उत्पन्न हातचे जाते, हे नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांस आम्ही सांगावयास नको. परंतु तेच बागाईतदार आपल्या ओसरीवरील कुंडीतल्या अडेनियमला वर्षानुवर्षे कात्री लावीत नाहीत, आणि झाड नुसते उंच झाले, फुले मात्र शेंड्याला दोन-चारच येतात, अशी तक्रार करितात. अलीकडे हे झाड खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत पोहोचले आहे. सबब त्याच्या छाटणीविषयी आम्हांस स्वानुभवाने जे कळले ते, आमच्या हातून घडलेल्या एका ढळढळीत चुकीसह, वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हे झाड मूळचे दक्षिण अरबस्तानातील व आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशातील. एडनवरून त्याचे नाव पडले. हे एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होते, हे जुनी दप्तरे चाळलेल्यांस ठाऊक असेलच. पेटर फोर्स्कॉल नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने येमेनमधील प्रवासात या झाडाचे वर्णन लिहून ठेविले. तो १७६३ साली तिकडेच वारला व ते वर्णन १७७५ साली प्रसिद्ध झाले. त्याने हे झाड कण्हेरीच्या गणात घातले होते. पुढे ते निराळे काढले गेले, तरी दोघांचे कूळ एकच राहिले. हे नाते वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता छाटणी का करावयाची ते पाहू. अडेनियमचा फुलोरा फांदीच्या शेंड्यावर येतो. शेंडा जोवर शाबूत आहे तोवर तो खालच्या डोळ्यांस फुटू देत नाही; म्हणजे एक फांदी, एक शेंडा, एकच झुबका. शेंडा काढून टाकिला म्हणजे खालचे दोन-तीन डोळे जागे होतात, आणि जितके नवे धुमारे तितकी फुलण्याची ठिकाणे होतात. शिवाय फुगीर बुंध्यात पाण्याचा साठा असल्यामुळे इतर झाडांहून हे झाड जबर छाटणी सहज सोसते.

मात्र वेळ साधली पाहिजे. थंडीत झाड विसावलेले असते, पाने गाळते. तेव्हा छाटल्यास फूट येत नाही. पावसाळ्यात छाटल्यास जखम वाळत नाही, तीतून सड शिरते व फांदीवाटे बुंध्यात उतरते. बुंधा बोटाने दाबून मऊ लागला म्हणजे झाड बहुधा गेलेच समजावे. देशावर माघ-फाल्गुनात, ऊन तापू लागताच, छाटणी करावी. कोकणातील दमट हवेतही हीच वेळ बरी.

छाटणीपूर्वी दोन-तीन दिवस पाणी तोडावे. कात्री धारदार असावी व स्पिरिटाने पुसून घ्यावी. प्रत्येक फांदीची तिसरा हिस्सा ते निम्मी लांबी काढावी, काप तिरपा घ्यावा, आणि तो बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या वर बोटभर असावा. आत वळलेल्या व एकमेकींस घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्या. चीक निथळला की तो पुसून कापावर बोर्डो मलम लावावे. बागाईतदारांच्या घरी मोरचूद व चुना असतोच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण, कुंडीपुरते घ्यावयाचे तर दहा-दहा ग्रॅमांस शंभर मिलिलिटर पाणी. नंतर आठवडाभर पाणी देऊ नये. दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते. प्रत्येक कापाखाली तीन धुमारे राखून बाकीचे कोवळेपणीच खुडावे. कुंडीस दिवसातून सहा तास तरी ऊन मिळाले पाहिजे, नाही तर सर्व खटाटोप व्यर्थ.

इतके ज्ञान पदरी असल्याच्या घमेंडीतच आमच्या हातून ती चूक झाली. आमच्या सूनबाईंनी माहेराहून दुहेरी पाकळ्यांचे, गर्द लाल फुलांचे एक अडेनियम आणले होते. त्यांच्या आईंनी ते पाच वर्षे वाढविलेले. एका फाल्गुनात त्या बाहेरगावी असता आम्ही त्याच्या सर्व फांद्या बुंध्यापासून चार बोटे राखून साफ उतरविल्या व मनात फार समाधान मानले. सायंकाळी त्या परतल्या, कुंडीपाशी बसल्या, आणि इतकेच म्हणाल्या, "मामंजी, कलमाचा सांधा कुठे आहे?"

सांधा छाटलेल्या फांद्यांबरोबर गेला होता! दुहेरी फुलांचे वाण बहुधा साध्या रोपाच्या खुंटावर कलम करून तयार करितात. सांध्याखाली कापले की फूट येते ती खुंटाची, आणि फुले खुंटाचीच साधी निघतात. कित्येकजण मग विक्रेत्याच्या नावाने बोटे मोडतात. सबब कात्री उचलण्यापूर्वी सांध्याची गाठ वा जाडीतला फरक शोधावा व काप त्याच्या वरच घ्यावा. महसुली दप्तरात आमचा जन्म गेला. तेथे चुकीची नोंद फेरफाराने दुरुस्त करिता येते. छाटलेल्या फांदीस फेरफार नाही.

आम्ही फांद्या शोधावयास धावलो, तो टोपली गड्याने वैरण समजून गोठ्यात नेऊन ठेविलेली, आणि कालवड तीत तोंड घालण्याच्या बेतात! आमचा जीव उडाला. कण्हेरीचा पाला खाऊन जनावर दगावल्याचे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अडेनियमच्या चिकातही हृदयाची गती बिघडविणारे तशाच जातीचे विष आहे, आणि आफ्रिकेत ते बाणांच्या टोकांस लावीत असत. म्हणून छाटण गोठ्यात, शेळ्यांपुढे वा उघड्या उकिरड्यावर कधीही टाकू नये. खड्ड्यात खोल पुरावे. छाटताना हातमोजे असावेत, डोळ्यांस हात लावू नये, मुलांस दूर ठेवावे.

टोपलीतल्या फांद्या सूनबाईंनी रात्रभर सावलीत राखिल्या. दुसऱ्या दिवशी दोन बोटे लांबीचे तीन तुकडे पाने काढून खाली पाचरीसारखे तासले, खुंटाच्या कापांत मधोमध चीर देऊन त्यांत बसविले, प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळून वर पिशवी बांधिली व कुंडी सावलीत ठेविली. कात्री त्यांच्या हाती होती, आम्ही फक्त पट्टी धरिली. महिन्याभरात दोन तुकडे जगले, तिसरा काळा पडला. खुंटाचे धुमारे आम्ही आजही दर आठवड्यास खुडतो. ते राहू दिले तर कलमाचा रस ओढून घेतात.