कानात काडी नको गं

अगं, फोनवर बोलताना तू मध्येच कान बदलतेस, ते माझ्या लक्षात आलंय. उजवा कान दडलाय ना? आणि तू त्यात आगकाडीला कापूस गुंडाळून फिरवत असणार. आपल्या आदिलाबादला कापसाला काय तोटा! दिवाळीच्या सुमाराला मार्केट यार्डात गाड्यांच्या रांगा लागतात, जिनिंगजवळून गेलं तरी पदराला पुंजके चिकटतात.

पण ऐक. मळ तयार होतो तो कानाच्या बाहेरच्या बाजूलाच. आपण चावतो, बोलतो, तसा तो आपोआप बाहेर सरकतो. काडीने चिमूटभर निघतो आणि बाकीचा आत ठासला जातो, तोफेत दारू ठासावी तसा. नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, पुढे लगेच पडदा! शिवाय थोडा मळ हवाच गं, धूळ-किडे तोच अडवतो.

कान वाहत नसेल, ठणकत नसेल, पडद्याला भोक किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं नसेल, तरच मेडिकलमधून मळ मऊ करायचे थेंब आण. बाटली मुठीत धरून जराशी कोमट कर, कुशीवर पड, दोन-तीन थेंब सोड आणि पाच मिनिटं तशीच राहा. सकाळ-संध्याकाळ, चार-पाच दिवस. आधी कान जास्तच दडेल, मळ फुगतो ना, घाबरू नकोस. लसूण घालून कढवलेलं तेल मात्र नको, आजी कितीही मागे लागली तरी. भाजलं म्हणजे? आणि केसलापूरच्या नागोबा जत्रेत कुणी सळई घेऊन कान कोरायला बसलेला दिसला, तर सरळ पुढे चालायला लाग.

नाहीच मोकळा झाला तर आदिलाबादच्याच रिम्स हॉस्पिटलमध्ये कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव. ते आत बघून सक्शनने काढतात, नाहीतर अंगाइतक्या कोमट पाण्याने धुतात. गार पाणी गेलं की गरगरतं, म्हणून घरी पिचकारी मारू नकोस. शुगर असलेल्यांनी तर मुळीच नाही, त्यांचा जंतुसंसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. आणि कधी एका कानाने अचानक ऐकूच येईनासं झालं, तर थेंब घालत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे.

डॉक्टरकडे जाताना सासूबाईंनाही ने. त्यांचं कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणतेस ना? मळ दाटला की तसं होतं. नव्या मशीनला पैसे घालायच्या आधी कान तरी बघून घेऊ.