आमटीची कृती मागितलीस म्हणून

मिरज,
रविवार, दुपार

चि. सोनू यास,


तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले. खालच्या मजल्यावरच्या कानडी काकूंनी तुझ्याकडे आमटीची कृती मागितली, आणि तू म्हणालास, "मावशी, माझीच डाळ नीट गळत नाही, मी त्यांना काय सांगू?" फोनवर सांगितलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं. पण कृती कशी द्यावी हे मला तुला नीट सांगायचंय, आणि ते लिहूनच सांगितलेलं बरं.

आधी तुझी डाळ. आईनं सांगितलं तसंच करूनही ती अख्खी राहते, म्हणजे दुखणं पाण्याचं असणार. तुमच्याकडे बोअरचं पाणी येतं म्हणालास. ते पाणी जड असतं, त्यात क्षार जास्त. तूर, हरभरा, राजमा अशा पाण्यात चार शिट्ट्या जास्त केल्या तरी टणक राहतात. पिण्याचं गाळलेलं पाणी घे, डाळ अर्धा तास भिजव, कुकरमध्ये हिंग, हळद आणि थेंबभर तेल घाल. आणि आमसूल, चिंच, टोमॅटो यातलं काहीही डाळ शिजायच्या आत घालू नकोस. आंबटात डाळ गळत नाही. तुझी आई हे सांगायला विसरली असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे कृष्णेचं पाणी, त्यात डाळ निमूट शिजते, मग तिला सांगायचं सुचणार कुठून? कृती एका गावातून दुसऱ्या गावात जाते तेव्हा पाणी मागेच राहतं रे, हे लक्षात असू दे.

आता आमटी. चौघांना एक वाटी तूरडाळ, तीन वाट्या पाणी. शिजली की रवीनं घोटून घे, दाणा दिसता कामा नये. कढईत दोन चमचे तेल चांगलं तापू दे, मग मोहरी. मोहरी तडतडते तेव्हा घाई करू नकोस, आवाज ओसरत आला की जिरं, मग हिंग, कढीपत्ता आणि सगळ्यात शेवटी हळद. हळद तेलात गेली की मनात तीन आकडे मोजायचे आणि डाळ ओतायची. चौथ्या आकड्याला हळद काळवंडते आणि सगळ्या आमटीला कडसर वास येतो. डाळ सैल करायला पाणी उकळतं घाल, म्हणजे आमटी एकजीव होते. गार पाण्यानं ती खाली डाळ, वर पाणी अशी राहते. उकळी फुटली की चार आमसुलं, मीठ, दीड चमचा गोडा मसाला आणि सुपारीएवढा गूळ. मंद आचेवर सात-आठ मिनिटं उकळू दे. मसाल्याचा कच्चा वास जाऊन घरभर दगडफुलाचा वास यायला लागला की झाली. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर.

काकूंना हे असंच दे. "चवीपुरतं" हा शब्द एकदाच, मिठापाशी येऊ दे. बाकी सगळीकडे काय दिसायला हवं, काय ऐकू यायला हवं, कसला वास यायला हवा ते सांग. मापापेक्षा या खुणाच माणसाला पोचवतात. आणि चमचा कोणता, तेही सांग. मी हे कसं शिकले ते ऐक.

लग्नानंतरची माझी तिसरी दिवाळी. थोरल्या जाऊबाई तेव्हा वेगळ्या गावी राहायच्या. त्यांनी माझ्याकडून चकलीची कृती लिहून नेली. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, धने-जिरे, सगळं भाजून दळून आणायचं. आणि पिठाच्या मापापुढे मी लिहिलं, "मोहन दोन पळ्या". माझी पळी फोडणीची, छोटीशी, तिच्यात जेमतेम दोन चमचे तेल मावतं. त्यांच्याकडे पळी म्हणजे वरण वाढायची. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी त्यांनी पहिला घाणा तेलात सोडला आणि चकल्या डोळ्यांदेखत विरघळून गेल्या. मोहन जास्त झालं की चकली तेलात फुटते, हसते. अख्खी भाजणी गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचं पत्र आलं, रागाचा एक शब्द नव्हता त्यात, नुसतं विचारलं होतं, "माझं काय चुकलं?" तो प्रश्न मला आजही टोचतो. चूक त्यांची नव्हती, माझ्या पळीची होती. तेव्हापासून मी कृती लिहिते तेव्हा शेजारी वाटी आणि चमचा काढून ठेवते आणि मोजून लिहिते.

कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली, तेव्हा घराघरांत तिचं स्वागत झालं ते यासाठीच. त्यांनी घरातली वाटी आणि घरातला चमचा हेच माप धरलं, आणि नव्यानं संसार मांडलेल्या मुलीला कुणाला न विचारता स्वयंपाक करता येऊ लागला. माझ्या प्रतीची पानं पिवळी पडलीयेत, पुरणपोळीच्या पानावर तेलाचा डाग आहे. त्यांच्याही कितीतरी आधी लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणी-मित्र' या नावानं हजार पाकक्रिया लिहून काढल्या. या बायकांनी आपल्या चुलीवरचं सगळं लोकांपुढे मोकळं केलं, हातचं काही राखलं नाही. मला त्यांचं फार मोठेपण वाटतं.

कारण राखणारी माणसंही मी पाहिलीयेत. आमच्या नात्यात एक वडीलधाऱ्या बाई होत्या. त्यांचा काळा मसाला असा, की त्या मसाल्याची वांग्याची भाजी झाली की गल्लीत कळायचं. कुणी मागितला तर डबीभर द्यायच्या, आनंदानं द्यायच्या. पण कृती सांगताना एक जिन्नस वगळायच्या. सुनेलाही सांगितली नाही, लेकीलाही नाही. त्या गेल्या, त्याला वीस वर्षं झाली. सुनेनं नागकेशर कमी-जास्त करून पाहिलं, खोबरं जास्त भाजून पाहिलं, तीळ बदलले. ती चव पुन्हा आली नाही. त्यांच्या श्राद्धाला मी दोन वेळा गेले, दोन्ही वेळा पानावर वांग्याची भाजी होती आणि जेवताना सगळे गप्प होते. त्यांनी जे राखलं ते कुणाच्याच कामी आलं नाही, त्यांच्याही नाही. म्हणून तुला सांगते, द्यायची तर कृती पुरी दे. द्यायची नसेल तर तोंडावर नाही म्हण, तेही चालेल. पण अर्धी देऊन दुसऱ्याला आपल्याच हातात खोट आहे असं वाटायला लावू नकोस.

आणि ती कुणाकडून आली तेही सांगत जा. माझ्या वहीत "सासूबाईंचं मेतकूट", "वाड्यातल्या काकूंचे दोडक्याच्या शिरांच्या चटणीचे माप" अशीच नावं आहेत. शिरा सोलून फेकून द्यायच्या नाहीत हे मला त्या काकूंनी शिकवलं. तिळासोबत कुरकुरीत परतायच्या, सुकं खोबरं, तिखट, मीठ. आज त्या नाहीत, वाडाही नाही, पण दोडकं सोलायला घेतलं की त्यांची आठवण येते.

आता रोजचं. ऑफिसातून आठ वाजता येऊन "आज काय करू" म्हणून उभा राहतोस, मग बाहेरून मागवतोस, हे मला पटत नाही. तू एकटा आहेस, रोज चार पदार्थ कर असं मी म्हणत नाही. एक कर, पण त्याचं उद्या काय होईल हे आजच ठरव. रविवारी सकाळी मटकी भिजत घाल, रात्री उपसून फडक्यात बांध, सोमवारी संध्याकाळपर्यंत मोड येतील. बंगळूरची हवा थंड असेल तर मंगळवारवर जाईल, म्हणून काही बिघडत नाही. अर्धीची उसळ, अर्धी फ्रिजमध्ये. वरण दोन दिवसांचं एकदम शिजव. पहिल्या दिवशी साधं वरण, तूप, लिंबू. दुसऱ्या दिवशी त्याला फोडणी देऊन उकळी आली की कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे सोड, वरणफळं होतात, पोळ्यांचा व्याप वाचतो. उरलेल्या पोळीचा कुस्करा, उरलेल्या भाताला फोडणी. शेंगदाणे एकदा भाजून त्यांचं कूट बरणीत असलं की काकडीची कोशिंबीर पाच मिनिटांत होते आणि कुठल्याही भाजीला अंग येतं.

आणि अगदीच काही नसेल त्या दिवशी पिठलं. एवढं एक तरी तुला झोपेत करता यायला हवं. कांदा, मिरची, लसूण फोडणीला, दोन वाट्या पाण्याचं आधण, मीठ. अर्धी वाटी बेसन वेगळं पाण्यात गुठळ्या मोडून कालवून ठेवायचं आणि आधणाला खळखळून उकळी आली की एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं हलवत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समज. मग झाकण ठेवून दणदणीत वाफ आण. बेसन नीट शिजलं की त्याला चकाकी येते, कच्चं असलं की ते फिकट दिसतं आणि जिभेला चिकटतं. तुझा तो नागपूरचा मित्र यालाच नुसतं बेसन म्हणेल, त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याची रीत विचारून घे.

भाकरीचं विचारलं होतंस. तुझी भाकरी थापताना कडेनं चिरते, कारण ते पाकिटातलं ज्वारीचं पीठ जुनं आहे, त्याची विरी गेलीय. ताजं दळून मिळालं तर उत्तम. नाहीतर पाणी उकळून त्यात पीठ घाल, झाकून ठेव, कोमट झालं की तळहातानं रगडून मळ. उकडीच्या पिठाची भाकरी मोडत नाही.

शेवटी काकूंचं. कृती देशील तेव्हा त्यांच्याकडूनही एक माग. त्यांच्याकडे सणाला होळिगे होते, आणि पुरणाची डाळ शिजवून जे पाणी निथळतं त्याचं त्या सारू करतात. आपणही पुरणपोळीला तेच करतो, कटाची आमटी. फक्त मसाला निराळा. त्यांच्या सारूत काय भाजून, काय वाटून पडतं ते मला फार दिवसांपासून जाणून घ्यायचंय. त्या सांगतील तसं जसंच्या तसं लिहून घे, आपल्या मनानं मराठी करू नकोस. जमलं तर त्या करत असताना शेजारी उभा राहा आणि हाताकडे बघ, सांगणाऱ्याच्या तोंडून न येणाऱ्या गोष्टी हात करून जातात.

आईबरोबर पाव किलो गोडा मसाला पाठवतेय, त्यातला थोडा काकूंना दे. डबा गॅसजवळ ठेवू नकोस, ऊब लागली की वास उडतो. मसाल्याची कृती सोबतच्या कागदावर आहे, सगळे जिन्नस, एकही न वगळता. तीळ आणि खोबरं किती रंगावर भाजायचं ते कळावं म्हणून भाजलेल्या खोबऱ्याचा एक तुकडा पुडीत बांधून ठेवलाय, तो खाऊन टाकू नकोस.

आणि तुझ्या रोजच्या वाटीत पाणी किती मावतं ते औषधाच्या मापानं मोजून मला कळव. माझी दीडशे मिलिलिटरची आहे. तुझी मोठी असली तर वरची सगळी मापं मी पुन्हा लिहून पाठवीन.

तुझी,
मोठी मावशी